दादाच्या नावावर खेळलेला हंगाम

परवा दुपारी फोन वाजला आणि पडद्यावर ओळ आली, ‘नवा हंगाम सुरू झाला आहे.’ मी तेव्हा पडवीत बसून आंब्याच्या पेटीत पेंढा दाबत होते. आमच्याकडे हंगाम हा शब्द एकाच अर्थाने वापरतात. फेब्रुवारी उजाडला की माणसं एकमेकांना ‘यंदा हंगाम कसा’ एवढंच विचारतात, आणि कशाचा हे कुणाला सांगावं लागत नाही. मोहोर जळला, थंडी उशिरा पडली, फळ बारीक राहिलं, अशी उत्तरं येतात. फोनवरच्या खेळालाही हंगाम असतो, दर तीन-चार महिन्यांनी तो संपतो, सगळ्यांना खालच्या पायरीवर आणून ठेवतात आणि पुन्हा चढा म्हणतात, हे मी रत्नागिरीत किती जणांना समजावणार? ती ओळ मी अंगठ्याने बाजूला सारली. काचेला आंब्याचा चीक लागला तो ओढणीने पुसला. मग बराच वेळ माझा हात पेंढ्यातच राहिला.

चार वर्षं झाली. कलमांखालच्या तापलेल्या पाचोळ्याचा वास आला की मला अजून नीलेशदादाचं त्या खेळातलं खातं आठवतं.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर होता. बाबा गेले त्याच वर्षी तो पहिल्यांदा बोटीवर चढला. आठ-नऊ महिने समुद्रावर, तीन महिने मांडवीला घरी, असं त्याचं वर्ष असायचं. घरी असला की दुपारी जेवून पडवीतल्या बाकावर आडवा व्हायचा आणि फोनवर तो खेळ खेळायचा. पाच जण विरुद्ध पाच जण, पंधरा-वीस मिनिटांत समोरच्यांचा किल्ला पाडायचा. खेळातलं त्याचं नाव ‘बांगडा’. हरला तरी हसायचा, जिंकला तर आईला जाऊन सांगायचा, आणि आई मासे साफ करता करता “बरं झालं हो” म्हणायची.

त्या वर्षी निघताना त्याने आपल्या खात्याचा पासवर्ड माझ्या फोनवर घातला. बोटीवर नेटचा पत्ता नसायचा आणि रोज खातं उघडलं नाही तर रोजची बक्षिसं बुडायची.

“दिवसातून एकदा उघडायचं, बक्षीस घ्यायचं, बंद करायचं,” तो म्हणाला. “खेळू नको गो. वाट लावशील माझी.”

“मला येतं खेळायला.”

“किती येतं ते माहीत आहे मला.”

तो मस्करीत बोलला होता, आणि मीही हसले होते. पण ते वाक्य माझ्या मनात राहिलं हे खरं.

मला खरोखरच येत होतं. मी तेव्हा एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक होते. दुपारचं प्रॅक्टिकल संपलं की पुढची बॅच येईपर्यंत तासभर रिकामा मिळायचा. पंख्याची घरघर, बंद खिडक्यांच्या फटींतून येणारं पांढरं ऊन, आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर फोन घेऊन बसलेली. माझं स्वतःचं खातं होतं, माझ्याच नावाचं. त्या नावाने खेळायला गेलं की पहिल्या मिनिटात कुणीतरी माइकवर विचारायचा, खरंच मुलगी आहेस का. मग एक टोमणा, मग एक घाण विनोद, आणि संघ हरला की खापर माझ्यावर. माइक बंद ठेवला तरी नाव वाचता येतंच. पुढे पुढे मी खेळायचं सोडून दिलं होतं.

मग एका दुपारी बांगड्याच्या खात्यावरचं बक्षीस घेतलं आणि बंद करायच्या ऐवजी एक सामना लावला. कुणी काही विचारलं नाही. मी चांगली खेळी केली तर अनोळखी माणसं लिहायची, ‘भावा, भारी.’ चुकले तर लिहायची, ‘चालतं भावा.’ चुकल्यावर ‘चालतं’ म्हणणारं कुणी मला त्या जगात आधी भेटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन सामने, मग रोजचे चार. गणपती गेले, दिवाळी गेली, आणि मी दादाच्या नावाने त्या खेळात दादा कधी गेला नव्हता एवढ्या वर गेले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. खेळात प्रत्येकाला एक पायरी दिसते. तिच्यावर चिन्ह असतं, रंग असतो, ती मित्रांना दाखवता येते. पण आत आणखी एक आकडा असतो. तो खेळणाऱ्याला कधीच दिसत नाही. तुम्हाला कुणासमोर उभं करायचं, ते खेळ त्या आकड्यावरून ठरवतो. तगड्या माणसाला हरवलंत तर तो बराच वाढतो, कच्च्याकडून हरलात तर बराच उतरतो. आणि खेळाची इच्छा एवढीच असते की तुम्ही साधारण बरोबरीच्या माणसांत पडावं, म्हणजे निम्मे सामने जिंकाल, निम्मे हराल. हंगाम संपला की पायरी खाली येते. आतला आकडा मात्र जवळपास होता तिथेच राहतो. शिवाय तुम्ही जितके जास्त सामने खेळाल तितकी खेळाची तुमच्याबद्दल खात्री होत जाते, आणि एकदा खात्री झाली की तो आपलं मत हळूहळूच बदलतो. हे सगळं मी लॅबमध्ये बसून वाचून काढलं होतं. मला त्यात रस होता. आपल्याबद्दल कुणीतरी नीट, पुराव्याने, मुलगी-मुलगा न बघता मत बनवतंय, याचं मला अप्रूप होतं. फक्त ते मत दादाच्या नावावर जमा होत होतं.

तो यायच्या आधी हंगाम बदलला. बांगडा पुन्हा खालच्या पायरीवर आला. मी निर्धास्त झाले. बाहेरून बघणाऱ्याला काही कळण्यासारखं उरलं नव्हतं. एकूण सामन्यांची संख्या वाढली होती, पण ती कोण बघतो?

दादा ठरल्या वेळेच्या दीड महिना आधी आला. इंजिनरूममध्ये एक जड झाकण घसरून त्याच्या उजव्या हातावर आलं होतं. अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची शीर तुटली होती. परदेशातल्या बंदरात शस्त्रक्रिया झाली, आणि मार्चच्या अखेरीस तो हात गळ्यात अडकवून घरी पोचला. आईने त्याच्या पायावर पाणी घातलं आणि आत जाऊन रडली.

डॉक्टर म्हणाले होते, हात पूर्ण सुधारेल, वेळ द्या. व्यायाम ठरवून दिले होते. सकाळी आई ताटात वाल आणि राजमा मिसळून त्याच्यापुढे ठेवायची आणि तो एकेक दाणा चिमटीत धरून वेगळा करायचा. सुरुवातीला दहा दाण्यांना घाम फुटायचा. त्या वर्षी पावसच्या वाटेवरच्या आमच्या बारा कलमांना चांगलं फळ धरलं होतं. एरवी झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा काढायचं काम दादाचं, देठ राखून, एक फळ खाली न पाडता. त्या वर्षी तो खाली खुर्ची टाकून बसायचा आणि गडी वर चढायचे. पडलेलं फळ डाव्या हाताने उचलून तो बघत राहायचा.

एप्रिलच्या मध्याला त्याची मूठ वळायला लागली. डॉक्टर खूश होते. पण दादाला डॉक्टरांच्या बोलण्यावर भरवसा नव्हता.

“त्यांचं काय जातंय बरं आहे म्हणायला,” तो म्हणाला. “खाली इंजिनमध्ये एक क्षण अंगठा अडला तर माझ्याबरोबर दुसऱ्याचाही जीव जाईल.”

“मग कसं कळणार तुला?”

त्याने फोन उचलला. “हा खेळ मी हातानेच खेळायचो. पन्नास सामने लावतो. पंचवीस जिंकलो तर हात जागेवर आला. नायतर नाय.”

हे ऐकलं तेव्हा मी पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. मी स्वतःला समजावलं की त्याचा खेळ त्याला माहीत, माझं काय.

तो बाकावर बसायचा, सकाळी तीन, दुपारी तीन सामने. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी शस्त्रक्रियेचा गुलाबी वण होता, आणि खेळताना तो ताणला की चकाकायचा. पहिला हरला. दुसरा हरला. पाचवा जिंकला, मग सलग आठ हरला. मी चहा घेऊन गेले आणि त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं. समोरच्या संघात एक नाव होतं, ‘वादळवारा’. कप माझ्या हातात तसाच राहिला. त्या माणसाशी मी दिवाळीनंतर कितीतरी दुपारी खेळले होते. तो वरच्या पायरीवरचा माणूस. हंगाम बदलल्यामुळे त्याचंही चिन्ह आता खालचं दिसत होतं, पण तो कोण आहे ते मला माहीत होतं. खेळाने दादासमोर माझी माणसं उभी केली होती.

“बघितलंस?” दादा म्हणाला. “खालच्या पायरीवरची पोरं पण मारतात मला.”

तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी चहा ठेवला आणि म्हणाले, “नवीन खातं उघड ना. नव्याने सुरू कर.”

“का म्हणून? हा माझाच बांगडा आहे.”

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिले की मी सुचवलं होतं, त्याने ऐकलं नाही. माणूस स्वतःच्या बचावासाठी किती बारीकसारीक गोष्टी जपून ठेवतो.

पन्नासात तो अकरा जिंकला. आणि खरी गोष्ट त्याहून वाईट होती, ती फक्त मला माहीत होती. त्याची कसोटीच मुळात चुकीची होती. खात्यावर त्याचा स्वतःचा आकडा असता तर हात कसाही असता तरी चार दिवस मागेपुढे होऊन खेळाने त्याला निम्मे सामने जिंकूच दिले असते, कारण खेळ सगळ्यांना तेच देतो. पंचवीस जिंकणं म्हणजे हात बरा, असं नव्हतंच. आणि अकरा जिंकणं म्हणजे हात गेला, असंही नव्हतं. त्या पन्नास सामन्यांत हाताबद्दल काही लिहिलेलंच नव्हतं. त्यात माझ्याबद्दल लिहिलेलं होतं.

बोटीवर माणसं पाठवणाऱ्या मुंबईच्या एजंटचा फोन मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आला. बोट तयार होती, तपासणीला ये म्हणत होते. दादा फोन घेऊन मागच्या परसात गेला. फणसाखाली उभा राहून बोलत होता आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघत होते. तीन-चार मिनिटंच बोलला. आत आला आणि आईला म्हणाला, “नाय जमणार म्हणून सांगितलं. हात नाय तेवढा.”

आईने देवापुढे उदबत्ती लावून साखर ठेवली. तिने ते लपवायचा प्रयत्न केला, पण घरात वास येतोच उदबत्तीचा. पाच वर्षं ती प्रत्येक वादळाची बातमी ऐकून उठून बसायची. तिचा मुलगा घरी राहणार होता. त्या संध्याकाळी तिने सुरमई तळली, आम्ही तिघं जेवलो, आणि मीसुद्धा खूश होते, हे मला लिहायला हवं. त्याच्या असण्याने घर भरलेलं वाटायचं. मी गप्प राहिले आणि त्या गप्प राहण्याचा मला फायदा झाला.

दादाने त्या दिवशी खेळ फोनवरून काढून टाकला.

पावसानंतर तो मिरकरवाड्याच्या जेटीजवळ मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडे लागला. वर्षभरात लोक मिस्त्रीला सोडून त्यालाच विचारत यायला लागले. पौषातल्या एका सकाळी मी त्याचा विसरलेला डबा द्यायला गेले. जेटीवर बर्फ फोडत होते, मासळीच्या पाट्या जात होत्या, आणि दादा एका लाँचच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. त्याने हात बाहेर काढला तेव्हा त्याच्या उजव्या अंगठ्यात आणि बोटात शेंगदाण्याच्या सालीएवढी एक चकती होती. ती त्याने फिरवली, फुंकर मारली, आणि न बघता पुन्हा आत अंधारात हात घालून जागेवर बसवली. मी एका उलट्या पाटीवर बसले.

“काय गो, काय झालं?”

मी सगळं सांगितलं. लॅबमधल्या दुपारी, पायरी, आतला आकडा, वादळवारा, पन्नास सामने. सांगताना मी त्याच्या हाताकडेच बघत होते. तो ऐकत होता आणि कापसाच्या बोळ्याने एकेक बोट पुसत होता.

“किती वर नेलं होतंस?” त्याने विचारलं.

“वरून दुसऱ्या पायरीपर्यंत.”

“मी मधल्या पायरीच्या पुढे कधी गेलो नाय.” त्याने बोळ्याची बाजू पालटली. “म्हणजे ते अकरा मी जिंकलो ते तुझ्या माणसांशी.”

“होय.”

तो हसला. मनापासून हसला आणि एक क्षण मला वाटलं, सुटले. मग ते हसू त्याच्या चेहऱ्यावरून गेलं.

“तेव्हा का नाय बोललीस?”

“आईला तू घरी हवा होतास.”

“आईचं नको सांगू. तुझं सांग.”

मागे कुणीतरी इंजिन सुरू केलं. मला ते बंद होईपर्यंत थांबता आलं असतं. मी मोठ्याने म्हणाले, “मला सांगावं लागलं असतं की मी तुझ्यापेक्षा चांगली खेळते. तुझा हात असा असताना.”

त्याने बोळा टाकला.

“मला वाईट वाटलं असतं,” तो म्हणाला. “एक दिवस.”

डबा घेऊन तो पुन्हा लाँचमध्ये उतरला. मी घरी येताना मांडवीच्या काळ्या वाळूवरून लांबची वाट धरली. एक दिवस वाईट वाटू नये म्हणून मी त्याचं काय घेतलं होतं, त्याचा हिशोब मला लागत नव्हता, आणि अजूनही लागत नाही.

त्यानंतर महिन्याभराने तो मुंबईला जाऊन आला. आईला म्हणाला, इंजिनाचे सुटे भाग बघायला गेलो होतो. मला त्याने स्टँडवर उतरल्या उतरल्या खरं सांगितलं. तो एजंटकडे गेला होता. एजंट म्हणाला, मध्ये खंड पडला, एकदा जागा नाकारली, जुन्या दुखापतीची नोंद आहे, आता नव्या पोरांना आधी घेतात. त्याने हे सांगितलं तेव्हा आवाजात राग नव्हता. मी त्याचा रागच शोधत होते. राग असता तर मला त्याच्यासमोर उभं राहायला काहीतरी जागा मिळाली असती.

मी आता माझ्या नावानेच खेळते, कधी कधी. माइक सुरू ठेवते. लोक बोलतात ते बोलतात. माझा आतला आकडा किती असेल याची मला उत्सुकता उरलेली नाही. पण ज्या माणसांना मी पायरीवरून एकदम खाली पडल्यासारखं खेळताना बघते, सलग हरताना बघते, त्यांच्याबद्दल मी काही मत बनवत नाही. त्यांच्या खात्यावर आधी कोण बसून गेलं असेल, सांगता येत नाही.

गेल्या रविवारी दादाला बघायला माणसं आली. केळशीचं स्थळ. मुलीचे वडील शिक्षक, निवृत्त, सरळ माणूस. मी कोकमाचं सरबत घेऊन बाहेर गेले तेव्हा ते दादाला विचारत होते.

“बोटीवर होतात म्हणे. चांगली पाच वर्षं. मग सोडलंत का?”

आई माझ्या मागे दाराशी उभी होती. दादाने ग्लास उजव्या हाताने उचलला.

“हाताला लागलं होतं. अंगठा चालत नव्हता.”

“आता?”

“आता चालतो. तेव्हा नव्हता चालत.”

“म्हणजे बरंच झालं म्हणायचं,” ते म्हणाले. “घरी राहिलात, आईजवळ, बहिणीजवळ.”

“होय,” दादा म्हणाला. “बरंच झालं.”

आईने मागून हलकेच माझ्या पाठीवर हात ठेवला, आनंदाने. दादाने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने एकदा बघायला हवं होतं.